कानाची खूण

क्लाक्सविकच्या धक्क्यामागे, मासळीच्या कारखान्याच्या तळघरात
एक राउटर घरघरत असतो.
त्याच्या पोटात दोन टेबलं:
एक इस्पितळाचं, एक कारखान्याचं.
एका छपराखाली दोन चुली,
आणि दोघींत विस्तवही जात नाही.
हे मीच केलंय. मुद्दाम. त्याचाच पगार मिळतो मला.

इस्पितळाच्या टेबलाला ठाऊक असतात
नर्सांचे पडदे, औषधांचं कपाट, क्ष-किरणांची खोली.
कारखान्याच्या टेबलाला
सरकते पट्टे, वजनकाटे, शीतगृहातले सत्तावीस थर्मामीटर.
दहा-शून्य-चार-एक हा पत्ता दोघांकडेही आहे
आणि दोघांनाही वाटतं, जगात तो एकच.

सोमवारी शीतगृहाची मार्युन आली, हातमोज्यांसकट.
"आमची घड्याळं भरकटतात, बीर्ना.
तपासनीस विचारतो, मासा किती वाजता गोठला.
आम्ही कागदाकडे बघतो, कागद आमच्याकडे.
इस्पितळाच्या छपरावर ते उपग्रहांना विचारून चालणारं घड्याळ आहे ना,
तेवढं द्या."

तेवढं.
माझ्या आधीचा हानुस, त्यालाही एकदा तेवढंच द्यायचं होतं.
एक अट लिहायची राहिली
आणि अकरा मिनिटं सगळ्या वाटा सगळ्यांना कळल्या.
क्ष-किरणांच्या खोलीतल्या प्रिंटरमधून
कॉडची वजनं बाहेर येत राहिली, पेटीमागून पेटी.
मनगट मोडून बसलेल्या एका पोराने
त्यातला एक कागद घरी नेला म्हणतात.
आम्ही अजून हसतो. हानुस हसत नाही.

शरदात आम्ही डोंगरावरून मेंढ्या खाली हाकतो.
डोंगराला कुंपण पुरत नाही,
कोणाची कुठली हे कानावरून ठरतं.
आमच्या मेंढीला डाव्या कानाला खाच, उजव्याचं टोक उडवलेलं.
वाटांनाही मी तशीच खूण करते.
घड्याळाची वाट, एकच, शेवटच्या आकड्यापर्यंत नेमकी,
तिच्या कानाला खाच.
कारखान्याच्या टेबलाला सांगितलं: ही खाच दिसली तर आत घे,
बाकीच्या कितीही बेंबाटल्या तरी फाटक लाव.

रात्री दोन वाजता कळ दाबली.
प्रश्न गेला.
उत्तर नाही.
पुन्हा गेला. पुन्हा नाही.
फोनवर मार्युनचा श्वास, उणे चोवीसातला.

माझ्या वडिलांनी एस्बियर्गला घर बदललं
आणि भांडलेल्या भावाला सहा वर्षांनी पहिलं पत्र टाकलं,
पाकिटावर नवा पत्ता न लिहिता.
उत्तर आलं नाही म्हणून
आणखी नऊ वर्षं रुसून बसले.

मग पेटलं डोक्यात.
विचारायला जाणाऱ्याला मी वाट दिली होती,
घड्याळाला दिलीच नव्हती.
ते इमानाने वेळ सांगत होतं
आणि शब्द त्याच्या उंबऱ्यातच पडत होते,
त्याच्या टेबलात शीतगृह नावाचं गावच नव्हतं.

सत्तावीस जणांच्या त्या कळपाला दुसऱ्या कानाची खूण केली.
इस्पितळाला सांगितलं, एवढ्यांना ओळख. फक्त एवढ्यांना.

दोन सतरा.
सत्तावीस जागी, दोन सतरा.

एवढंच गेलं एका चुलीवरून दुसरीकडे,
चिमट्यात धरलेला निखारा.
दहा-शून्य-चार-एक अजून दोघांकडे आहे
आणि दोघांना अजूनही वाटतं, जगात तो एकच.

"झालं?" मार्युनने विचारलं.
झालं, जा आता, झोप, म्हटलं.
"झोपतेय कसली," ती म्हणाली, "तीनला बोट लागतेय."
आणि तिने, मला वाटतं मोजा न काढताच,
फोन ठेवला.